हेगच्या मताचा पीथमपूरला काय उपयोग?

माझ्या मामेबहिणीची मुलगी इंदुरात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रश्न असा: "मावशी, जुलै २०२५ मध्ये हेगच्या न्यायालयानं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं, हवामान बदलावर मत दिलं. वर्गात सर म्हणाले, ऐतिहासिक आहे. पण ते बंधनकारक नाही, हेगकडे पोलीस नाहीत, आणि इथल्या पीथमपूरच्या औद्योगिक पट्ट्याजवळ कुणाच्या बोअरिंगला पिवळं पाणी आलं तर तो माणूस हेगला जाऊच शकत नाही. मग पर्यावरणाच्या कामात या आंतरराष्ट्रीय न्यायालयांचा उपयोग तरी काय? मूट कोर्टाच्या सराव खटल्यांत दाखले द्यायला?"

तुझ्या तिन्ही हरकती खऱ्या आहेत. तरी माझं उत्तर उपयोग आहे, असंच आहे. फक्त तू ज्या जागी तो शोधते आहेस तिथे तो सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी २७ वर्षं हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकिली करते, आणि पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं भोपाळला पीठ आल्यापासून तिथेही जाते. माझ्या रोजच्या कामात हेग कुठे दिसत नाही. दिसतं ते नमुन्याच्या बाटलीवरचं सील, प्रदूषण मंडळाचा तपासणी अहवाल, पंचनामा आणि पुढच्या पेशीची, म्हणजे सुनावणीची, तारीख. पण माझ्या जवळपास प्रत्येक अर्जात दोन-तीन वाक्यं अशी असतात की ज्यांचा जन्म या देशात झालेला नाही. 'प्रदूषण करणाऱ्यानं भरावं', 'हानी होण्याआधीच खबरदारी घ्यावी', 'प्रकल्पाआधी परिणाम तपासावा'. ही वाक्यं आधी देशादेशांच्या भांडणांत, परिषदांत आणि निवाड्यांत घासून तयार झाली, मग आपल्या सुप्रीम कोर्टानं ती उचलली, आणि आज त्यांच्या जोरावर मी एका कारखान्याला लवादासमोर उभं करते.

आधी हेगचं दार कुणाला उघडं आहे ते बघ. आपल्या घरांत हे न्यायालय माहीत झालं ते कुलभूषण जाधवांमुळे. १८ मे २०१७ ला फाशीला स्थगिती आली आणि १७ जुलै २०१९ ला निकाल लागला. त्या खटल्यात जाधव स्वतः पक्षकार नव्हते, पक्षकार भारत होता. आणि भारत तिथे जाऊ शकला, कारण वाणिज्य दूतावासांबद्दलच्या व्हिएन्ना करारासोबत एक जोडकरार आहे, त्यात वाद हेगला नेता येईल असं लिहिलं आहे, आणि तो भारत-पाकिस्तान दोघांनीही मान्य केला होता. तेवढा एक धागा हाताशी नसता तर दार बंदच होतं. म्हणजे दोन अटी. वादी देश हवा, आणि प्रतिवादी देशानं कुठे ना कुठे आधी संमती दिलेली हवी.

वकिलाला ही संमतीची अट पचत नाही. आपल्याकडे प्रतिवादी 'मला हे कोर्ट मान्य नाही' म्हणून घरी बसला तर एकतर्फी हुकूम होतो. तिथे तसं नाही. भारतानंही १९७४ मध्ये हेगचा अधिकार मानल्याचं जे निवेदन दिलं आणि २०१९ मध्ये नव्यानं केलं, त्यात अपवादांची यादी मोठी आहे. मार्शल बेटांनी अण्वस्त्रांबाबत भारताला हेगमध्ये खेचलं होतं, हे तुझ्या वर्गात कुणी सांगितलं का? त्या बेटांवर अमेरिकेनं ६७ अणुचाचण्या केल्या होत्या, तेव्हा त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण ५ ऑक्टोबर २०१६ ला न्यायालयानं ९ विरुद्ध ७ मतांनी ठरवलं की दोन देशांत मुळात कायदेशीर 'वाद'च सिद्ध होत नाही. खटला उंबरठ्यावरच संपला.

आता तत्त्वाकडे येते. ते समजायला परदेशी जायची गरज नाही. आपल्या शहराचं सांडपाणी घेऊन कान्ह नदी, जुनी माणसं तिला खानच म्हणतात, उज्जैनकडे जाते आणि शिप्रेला मिळते. दर सिंहस्थाच्या आधी तिला वळवायच्या योजना निघतात, कारण उज्जैनचं म्हणणं साधं आहे: स्वच्छतेचं बक्षीस तुम्हाला आणि तुमचं पाणी आमच्या घाटावर, हे का? वरच्यानं आपल्या हद्दीत काही केलं आणि झळ खालच्याला बसली, तर वरच्याची जबाबदारी कुठपर्यंत? इंदूर-उज्जैनला एकच हायकोर्ट आहे, एकच लवाद आहे. मध्ये दोन देशांची सीमा असती तर?

तशी सीमा होती ते प्रकरण म्हणजे ट्रेल. कॅनडातल्या ट्रेल गावात जस्त-शिशाची भट्टी होती. तिचा गंधकाचा धूर कोलंबिया नदीच्या खोऱ्यानं खाली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात उतरायचा आणि शेतं, झाडं करपवायचा. परक्या देशातल्या जमिनीच्या नुकसानीचा दावा कॅनडाच्या कोर्टात चालणं कठीण, म्हणून शेवटी दोन सरकारांनी मिळून लवाद नेमला. १९३८ मध्ये ७८,००० डॉलरची भरपाई ठरली आणि १९४१ मध्ये अंतिम निवाडा आला. कोणत्याही देशाला आपला मुलूख असा वापरण्याचा किंवा वापरू देण्याचा हक्क नाही की ज्यानं दुसऱ्याच्या मुलखात धुरानं गंभीर हानी होईल, असा त्याचा आशय. विद्यार्थी एवढंच पाठ करतात. पण त्याच वाक्यात पुढे एक अट आहे की हानी स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्यानं सिद्ध झाली पाहिजे. आणि निवाडा नुसता तत्त्व सांगून थांबला नाही. त्यानं भट्टीवर मोजमापाची व्यवस्था लावून दिली, वारा आणि हवा बघून किती धूर सोडायचा याचे नियम घातले. आज आपला हरित लवाद कारखान्याच्या चिमणीवर चोवीस तास मोजणारं यंत्र बसवायला सांगतो तेव्हा मला ट्रेलच आठवतं.

पुरावा आणि मोजमाप या दोन गोष्टी मनात ठेव, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो कोस्टारिका विरुद्ध निकाराग्वा. रक्कम लहान आहे म्हणून पाठ्यपुस्तकं त्यावरून पटकन पुढे जातात. सान हुआन नदीच्या मुखाजवळ रामसर यादीतली, म्हणजे जागतिक महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा आहे, आपलं सिरपूर तळं आणि यशवंत सागर २०२२ पासून ज्या यादीत आहेत तीच यादी. निकाराग्वानं तिथे २०१० मध्ये एक आणि २०१३ मध्ये दोन कालवे खणले. जमीन कुणाची याचा निकाल २०१५ मध्ये कोस्टारिकाच्या बाजूनं लागला आणि नुकसानीचा हिशेब राहिला. जवळजवळ ३०० झाडं तोडली गेली होती, ६.१९ हेक्टरवरची हिरवळ साफ झाली होती. कोस्टारिकानं सगळं मिळून सुमारे ६७ लाख डॉलर मागितले. २ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयानं दिले ३,७८,८९०.५९ डॉलर.

या रकमेची फोड बघ. पर्यावरणाची हानी, म्हणजे झाडं, हवा शुद्ध ठेवण्याचं त्यांचं काम, तिथली जीवसृष्टी, या सगळ्याचे मिळून १,२०,००० डॉलर. पाणथळ जागा पूर्ववत करायच्या कामाचे २,७०८.३९. तिथे पाहणीला जावं लागलं, विमानं उडवावी लागली, बांध घालावा लागला, अशा खर्चाचे २,३६,०३२.१६. वर २०,१५०.०४ व्याज. मी हा हिशेब पहिल्यांदा वाचला तेव्हा ३९ सेंटवर थांबले. दोन देश, जगातलं सर्वांत वरचं न्यायालय, आणि तिथे कुणीतरी पावत्या जोडून बसलं होतं. ज्या खर्चाचा पुरावा होता आणि हानीशी थेट संबंध दिसला, तेवढाच मिळाला. निसर्गाच्या हानीचा आकडा मात्र न्यायालयानं एकूण अंदाजानं धरला, कारण त्याचं गणित दोन्ही बाजूंना नीट मांडता आलं नव्हतं.

रक्कम तुटपुंजी आहे, यावर माझं दुमत नाही. पण हेगनं देशादेशांच्या वादात पर्यावरणाच्या हानीची स्वतंत्र भरपाई दिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. आपल्याकडे रस्ता रुंद करायला जुनी चिंच तोडली की कागदावर तिच्या लाकडाची किंमत लागते. तिची सावली, तिच्यावरचे पक्षी, तिनं धरून ठेवलेलं पाणी, यांना कागदावर रकानाच नसतो. तो रकाना असतो, कायद्यानं असतो, हे दाखवायला मी या निकालाची प्रत दोनदा जोडली आहे.

उरुग्वे नदीकाठच्या कागदाच्या लगद्याच्या कारखान्याचा, अर्जेंटिना विरुद्ध उरुग्वे हा खटला तू वाचला असशील, २० एप्रिल २०१० चा. त्यातलं कामाचं एवढंच की सीमेपार हानीचा धोका असेल तर आधी परिणाम तपासणं हे आता सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यानंच बंधनकारक आहे, तसं लिहिलेला करार असो वा नसो. अर्जेंटिनाला प्रदूषण सिद्ध करता आलं नाही आणि कारखाना चालूच राहिला. पुन्हा पुरावाच आडवा आला. आपल्याकडे 'आधी तपासणी, मग प्रकल्प' हे सूत्र किती हेलकावे खातं ते तू बघतेच आहेस. १६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं प्रकल्प उभा राहिल्यावर मागाहून मंजुरी देणं बंद केलं आणि १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागे घेतला. माझ्या मते मे महिन्यातला निकाल बरोबर होता.

आणि किशनगंगा. हा आपल्या घरचा खटला असून आपल्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतो. काश्मिरातला किशनगंगा जलविद्युत प्रकल्प नदीचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळवतो. तीच नदी पुढे पाकिस्तानात नीलम होते. सिंधू करार १९६० चा. त्या काळी 'नदीत पर्यावरणासाठी किमान पाणी सोडा' ही भाषा कुणाच्या तोंडी नव्हती, करारात ती कशी असणार? त्या करारानुसार नेमलेल्या लवादानं २०१३ मध्ये म्हटलं की करार जुना असला तरी त्याचा अर्थ आजचा पर्यावरण कायदा लक्षात घेऊनच लावावा लागेल. भारताला पाणी वळवायचा हक्क मिळाला, आणि २० डिसेंबर २०१३ च्या अंतिम निवाड्यानं धरणाखाली किमान ९ घनमीटर पाणी दर सेकंदाला सोडायचं ठरलं. म्हणजे सेकंदाला ९,००० लिटर. पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये भारतानं तो करारच स्थगित ठेवला आहे, तो राजकारणाचा भाग वेगळा. पण जुन्या कागदात नवी जबाबदारी कशी वाचायची याचा तो उत्तम नमुना आहे. खाण-पट्ट्याचे जुने करारनामे घेऊन समोरचा वकील उभा राहतो तेव्हा मी याच वाटेनं जाते.

आता तुझा मूळ प्रश्न, २०२५ चं मत. याची सुरुवात तुझ्यासारख्यांनी केली, हे तुला आवडेल. २०१९ मध्ये वानुआतूत साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या वर्गातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की आपल्या सरकारांनी हा प्रश्न हेगपुढे न्यावा. त्यांची बेटं पाण्याखाली जाताहेत, कुठल्या एका देशावर खटला भरायचा म्हटलं तर संमतीची भिंत आडवी, म्हणून त्यांनी दुसरं दार शोधलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मत मागितलं तर कुणाच्याच संमतीची गरज लागत नाही. वानुआतू सरकारनं तो विषय धरून ठेवला, २९ मार्च २०२३ ला आमसभेनं एकमतानं ठराव केला, डिसेंबर २०२४ मध्ये ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना तोंडी युक्तिवादाला उभ्या राहिल्या, भारतही होता, आणि २३ जुलै २०२५ ला पंधराही न्यायाधीशांचं एकमुखी मत आलं.

'बंधनकारक नाही' म्हणजे काय ते आपल्या घटनेतून समजून घे. अनुच्छेद १४३ खाली राष्ट्रपती सुप्रीम कोर्टाचं मत मागतात, तोही डिक्रीसारखा अंमलात आणायचा हुकूम नसतो. पण कावेरी पाणीवाटपाच्या वादात, १९९१ मध्ये, सुप्रीम कोर्टानं तसं मत देऊन कर्नाटकाचा वटहुकूम घटनाबाह्य ठरवल्यावर त्या वटहुकुमाचं काय उरलं? हेगचं मत कुणाला तुरुंगात घालत नाही. पण त्यानं जे सांगितलं ते 'कायदा आत्ता असा आहे' हे सांगितलं, आणि तो कायदा तर बंधनकारक आहेच.

त्यातलं तीन गोष्टींपुरतं सांगते. मोठे उत्सर्जक देश म्हणत होते की हवामानाचे करार आहेत, जबाबदारी तेवढीच, बाकी कायदा लागू नाही. न्यायालयानं ते साफ नाकारलं. दुसऱ्याला मोठी हानी होऊ न देण्याची जुनी प्रथा, ट्रेलपासून चालत आलेली, हवामानालाही लागू आहे. दुसरं, हरितवायू रोखायला देशानं योग्य पावलं उचलली नाहीत, आणि त्यात खनिज इंधनाचं उत्पादन, वापर, शोधाचे परवाने, अनुदानं हे सगळं नाव घेऊन आलं आहे, तर ते आंतरराष्ट्रीय कायद्यानं बेकायदा कृत्य ठरू शकतं. यात खासगी कंपन्यांवर नीट अंकुश ठेवणंही आलं. तिसरं, स्वच्छ, निरोगी पर्यावरणाचा हक्क नसेल तर बाकीचे मानवी हक्क उपभोगताच येत नाहीत.

भारताच्या बाजूनं बघितलं तर हे मत दुधारी आहे, आणि ते मान्य करायला हवं. ज्यानं आधीपासून जास्त धूर सोडला त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व न्यायालयानं कायम ठेवलं, श्रीमंत देशांनी पैसा आणि तंत्रज्ञान द्यावं हेही. आपण सुनावणीत तेच मांडत होतो. पण आपण तिथे हेही म्हणत होतो की न्यायालयानं करारांच्या पलीकडे नवीन जबाबदाऱ्या लादू नयेत, आणि तिथे आपलं म्हणणं टिकलं नाही. कोळशाच्या खाणीला परवाना देताना 'योग्य काळजी घेतली' हे आता दिल्लीलाही दाखवता यायला हवं. मला त्यात देशाचं नुकसान दिसत नाही. सिंगरौलीच्या धुराखाली राहणारी माणसंही या देशाचीच आहेत.

बाकीची न्यायालयंही याच काळात बोलली. हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणानं २१ मे २०२४ ला हरितवायू म्हणजे सागरी प्रदूषणच, असं सांगितलं. अमेरिका खंडातल्या देशांचं मानवाधिकार न्यायालय ३ जुलै २०२५ ला निसर्गाच्या स्वतःच्या हक्कांपर्यंत गेलं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात ९ एप्रिल २०२४ ला स्वित्झर्लंडमधल्या म्हाताऱ्या बायकांची संघटना आपल्याच सरकारविरुद्ध जिंकली: उष्णतेच्या लाटांत आम्ही मरतो आणि सरकार पुरेसं करत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. स्ट्रासबर्गला माणूस आणि संघटना जाऊ शकतात, हेगला नाही. आशियात असं न्यायालयच नाही. पीथमपूरच्या त्या बोअरिंगवाल्याला हेगचं दार बंद आहे यापेक्षा मला हे जास्त लागतं, की त्याच्यासाठी आपल्या खंडात कुणी दारच बांधलेलं नाही.

आता उणीव. ती लपवून तुला काही सांगितलं तर ते खोटं होईल.

भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. कंपनी अमेरिकी. भारत सरकार न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं, तिथल्या न्यायाधीशांनी मे १९८६ मध्ये सांगितलं की खटला भारतात चालवा. फेब्रुवारी १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टात ४७ कोटी डॉलरवर समझोता झाला. वाढीव भरपाईची शेवटची याचिका १४ मार्च २०२३ ला फेटाळली गेली. समझोता मंजूर करणाऱ्या पीठाचे प्रमुख, सरन्यायाधीश आर. एस. पाठक, त्याच वर्षी हेगच्या न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पण भोपाळ हेगला कधी गेलं नाही. जाणार कसं? कंपनी म्हणजे देश नव्हे, आणि गॅसनं मेलेला माणूसही देश नव्हे.

उलट बाजूचं दार मात्र कंपन्यांना उघडं आहे. गुंतवणूक करारांखाली कंपनी देशाला लवादासमोर खेचू शकते. इटलीनं किनाऱ्याजवळ तेल काढायला बंदी घातली, तर एका ब्रिटिश तेल कंपनीला २०२२ मध्ये १९ कोटी युरोंचा निवाडा मिळाला. तो २०२५ मध्ये रद्द झाला, पण इतक्या वर्षांत दुसऱ्या किती सरकारांनी असे खटले बघून हात आखडता घेतला असेल ते कुठल्या निकालात लिहिलेलं नसतं.

आणि भोपाळच्या त्या कारखान्याचा कचरा. २०१२ मध्ये तो विमानानं जर्मनीला नेऊन जाळायचं ठरत होतं. तिथे लोकांनी विरोध केला आणि बेत बारगळला. मग जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा १२ कंटेनरांत भरून, पोलिसांच्या ताफ्यात, भोपाळहून सुमारे २५० किलोमीटरवर पीथमपूरला आला. इथेही लोकांनी विरोध केला, ३ जानेवारीला दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. तरी कचरा इथेच जळाला, जूनअखेर संपला आणि मागे राख राहिली. त्यानंतर तीन आठवड्यांनी हेगचं मत आलं. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर बासेलचा करार आहे. एकाच राज्यातल्या एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे न्यायला कुठलाच आंतरराष्ट्रीय कायदा आड येत नाही. जर्मन माणसाचा नकार चालतो आणि धार जिल्ह्यातल्या माणसाचा का चालत नाही, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण तो मी प्रत्येक व्यासपीठावर विचारते.

ज्या देशाला ऐकायचं नाही तो ऐकत नाही, हेही खरं. २०१४ मध्ये जपानची अंटार्क्टिकातली 'वैज्ञानिक' देवमासेमारी हेगनं बेकायदा ठरवली. जपाननं ती मोहीम थांबवली, पण २०१९ मध्ये देवमाशांच्या आयोगातूनच बाहेर पडून स्वतःच्या समुद्रात शिकार सुरू केली. दक्षिण चीन समुद्रातल्या प्रवाळांच्या नाशाबद्दलचा २०१६ चा निवाडा चीननं मानलाच नाही. हेगनं १९९३ मध्ये पर्यावरणासाठी खास कक्षही काढला होता. २००६ पर्यंत एकाही देशानं एकही खटला तिथे नेला नाही, शेवटी त्यावर न्यायाधीश निवडणंच थांबवलं.

मग उपयोग? १९९६ मध्ये तामिळनाडूच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात, वेल्लोरच्या, सुप्रीम कोर्टानं म्हटलं की खबरदारीचं तत्त्व आणि 'करेल तो भरेल' हे आंतरराष्ट्रीय प्रथेचा भाग आहेत, म्हणून ते या देशाचा कायदा आहेत. त्याच निकालात अपाय होत नाही हे सिद्ध करायचं ओझं कारखानदारावर टाकलं. २०१० च्या हरित लवाद कायद्याच्या कलम २० नं ही तत्त्वं लवादावर बंधनकारक केली. २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा अनुच्छेद १४ आणि २१ खालचा, म्हणजे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कातला, हक्क झाला. त्या खटल्यातले अर्जदार एम. के. रणजितसिंह हे आपल्याच मध्य प्रदेशचे जुने सनदी अधिकारी, मंडल्याचे कलेक्टर होते.

हे माझ्या टेबलावर कसं येतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्याशेजारच्या शेतकऱ्याचं प्रकरण माझ्याकडे होतं. बोअरिंगचं पाणी चहाच्या रंगाचं, भांड्याला तपकिरी कडा. घरच्या बाईनं मला स्टीलचा तांब्या आणून दाखवला, आतून जिथवर पाणी राहायचं तिथवर काळी रेघ. नमुना घेतला, अहवाल आला, शिसं मर्यादेच्या वर. आणि पेशीला समोरच्या वकिलांनी दोन मिनिटांत तो अहवाल उडवला: बाटली साधी, लेबलवर वेळ नाही, कारखान्याच्या माणसासमोर सील केलेली नाही. चूक माझी होती, मी नमुना घेताना तिथे नव्हते. त्या दिवशी माझ्याकडे उरलं होतं ते फक्त वेल्लोरचं ते ओझं. मी म्हटलं, आमचा अहवाल बाजूला ठेवा, पण पाणी बिघडलेलं नाही हे त्यांनी दाखवावं, त्यांच्या सांडपाण्याच्या नोंदवह्या आणाव्यात. लवादानं ते मान्य केलं. वह्या आल्या. तीन महिन्यांची पानं एकाच शाईनं, एकाच हातानं, रोज तेच आकडे. पुढे संयुक्त पाहणी झाली, नवा नमुना रीतसर निघाला, टँकर सुरू झाला आणि मग भरपाई. दूरच्या परिषदांत घडलेलं एक वाक्य नसतं तर तो शेतकरी त्या पेशीलाच घरी गेला असता. आणि पुढचा नमुना रीतसर नसता तर ते वाक्यही त्याला फार काळ पोसू शकलं नसतं.

म्हणून २३ जुलैच्या मतातला योग्य काळजीचा भाग तू नीट वाचून काढ, मला त्याचं दोन पानी टिपण हवं आहे. पीथमपूर भागातल्या एका नव्या अर्जात ते लावायचं आहे, कलम २० आणि अनुच्छेद २१ च्या सोबत, एकटं नाही. आणि रविवारी सकाळी सातला माझ्याकडे ये, आपल्याला एका बोअरिंगचं पाणी घ्यायचं आहे. प्रयोगशाळेचा माणूस बरोबर असेल, समोरच्या पक्षाला नोटीस गेली आहे. मोटार आधी दहा मिनिटं चालू ठेवायची, पाइपातलं साचलेलं पाणी निघून जाऊ द्यायचं, मग बाटल्या भरायच्या. धातूंसाठी प्लास्टिकची, त्यात आम्ल टाकून. सेंद्रिय रसायनांसाठी गडद काचेची, तोंडापर्यंत भरून, आत बुडबुडा राहता कामा नये. लेबलवर तारीख आणि वेळ तू लिही, तुझं अक्षर सुवाच्य आहे. सह्या झाल्याशिवाय लाख लावू द्यायची नाही.